पान एकेचाळीसची तळटीप

बीड, ३ मार्च २०२५

ज्योत्स्ना आत्यांना सप्रेम जय भीम.

फोनच करणार होते. पण प्रयोगशाळेचा प्रश्न फोनवर विचारला की तुम्ही म्हणता, "आधी लिहून काढ, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल." म्हणून लिहायला बसले. निम्मा सुटलेला नाही.

आमची लॅब बाहेरच्या गुणवत्ता चाचणीत नापास झाली. ते लोक सगळ्या लॅबना एकाच यकृताच्या दोन-दोन कोऱ्या स्लाइडी पाठवतात. आपण त्यांवर पीएएस स्टेन करून त्या परत पाठवायच्या, ते गुण देतात. पहिली स्लाइड सरळ रंगवायची. यकृतातलं ग्लायकोजेन किरमिजी दिसतं. दुसरीवर आधी डायस्टेस घालायचं. ते ग्लायकोजेन खाऊन टाकतं आणि त्या जागा फिक्या पडतात. पेशंटच्या तुकड्यात किरमिजी दिसणारी वस्तू ग्लायकोजेन आहे की दुसरंच काही, ते डॉक्टरांना या दोन स्लाइडींच्या फरकावरून कळतं. आमच्या स्लाइडींत फरकच नाही. जुळ्या बहिणी. पाचपैकी एक गुण मिळाला, तोही बहुतेक वेळेवर पाठवल्याबद्दल.

दुसऱ्या फेरीच्या स्लाइडी २१ एप्रिलच्या आत गेल्या पाहिजेत. आमचे डॉ. रविराज घुले सर म्हणाले, "मंजुषा, आता पुन्हा नापास झालो तर स्पेशल स्टेनचं टेबल बंद. सँपल संभाजीनगरला जातील आणि तू खाली रक्त काढायला." रक्त काढण्यात कमीपणा नाही, पण त्यासाठी मी चार वर्षं तुमची बोलणी खाल्ली नव्हती. शिवाय आज जो रिपोर्ट तीन दिवसांत मिळतो, त्याला तीन आठवडे लागतील.

त्यांनी परत केलेल्या दोन्ही स्लाइडी सोबत पाठवते आहे. मोबाइलवरचे रंग खोटे असतात हे तुमचं मत माहीत असल्यामुळे फोटो काढलेले नाहीत.

तुमची,
मंजुषा

*

नागपूर, ९ मार्च २०२५

चि. मंजुषा हिस,
सप्रेम जय भीम.

तुझे पत्र व दोन्ही स्लाइडी मिळाल्या. स्लाइडी अखंड पोहोचल्या याचे सर्व श्रेय टपाल खात्याचे आहे. तू त्या ज्या कापसात गुंडाळल्या होत्यास, त्याचे तंतू मला सूक्ष्मदर्शकाखाली यकृतापेक्षा अधिक स्पष्ट दिसले. स्लाइडीवरील क्रमांक बॉलपेनने घातला आहेस. तो पेन्सिलीने घालावा, हे मी तुला प्रथम वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगितले होते आणि तू मान डोलावली होतीस.

आता दोषाकडे वळू. पहिल्या स्लाइडीचा रंग उत्तम आहे, म्हणजे रंग देणारे तुझे शिफ द्रावण निर्दोष आहे. मला तशी अपेक्षा नव्हती. दोष केवळ दुसऱ्या स्लाइडीत, म्हणजेच डायस्टेसच्या पायरीत आहे. तेव्हा तुकड्याची जाडी आणि इन्क्युबेटरचे तापमान मोजून कळव. "बरोबर आहे" असे लिहू नकोस, आकडा लिही. त्याचबरोबर डायस्टेसचा उत्पादक कोण, बॅच क्रमांक काय, वापराची मुदत कधीपर्यंत आणि साठवण कोठे, हेही कळव.

माझा अनुभव असा की शंभरातील नव्वद वेळा दोष रसायनात नसतो, रसायनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या व्यक्तीत असतो.

तुझी आत्या,
ज्योत्स्ना जोगदंड

*

बीड, १५ मार्च २०२५

आत्यांना जय भीम.

तुकड्याची जाडी चार मायक्रॉन. इन्क्युबेटर सदतीस अंश. थर्मामीटर बदलूनही सदतीसच.

डायस्टेसचं म्हणाल तर उत्पादन स्थानिक आहे. बॅच सुरुवातीपासून एकच. मुदत छापलेली नाही, पण अजून दोन वर्षं तरी चालेल असं घुले सर म्हणतात. साठवण व्हरांड्यात, खुर्चीवर. नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी पुरवठा अर्धा तास उशिरा होतो, एवढीच काय ती तक्रार. चोवीस वर्षांत त्याने कधी दगा दिला नव्हता. जानेवारीच्या शेवटापासूनच काय झालं कोण जाणे.

पेन्सिल आणली आहे.

तुमची,
मंजुषा

*

नागपूर, २० मार्च २०२५

चि. मंजुषा हिस,
जय भीम.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझा विश्वास बसला नाही आणि दुसऱ्यात चहा निवला.

व्हरांड्यात? खुर्चीवर? मार्च महिन्यात, बीडमध्ये? मुली, ते एन्झाइम आहे, पाहुणा नव्हे. त्याची जागा फ्रिजमध्ये, चार अंशांवर, घट्ट बुचाच्या बाटलीत. चोवीस वर्षे एकच बॅच वापरणारी प्रयोगशाळा जानेवारीत नापास झाली याचे मला आश्चर्य नाही. ती त्याआधी उत्तीर्ण कशी होत होती याचे आहे. आणि बाजार भरला म्हणून उशिरा येणारा हा कोणता स्थानिक उत्पादक? आपल्या नेकनूरची मला तुझ्याहून अधिक माहिती आहे. तेथे चिंच होते, ज्वारी होते. एन्झाइमचा कारखाना असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ती बाटली जशी असेल तशी, बर्फात घालून, मला पार्सलने पाठव. मी येथे स्वतः तपासेन.

ज्योत्स्ना जोगदंड

*

बीड, २६ मार्च २०२५

आत्यांना जय भीम.

बाटली पाठवता येत नाही. तिचं वजन साठ किलो आहे आणि दुपारी ती नातीला शाळेतून आणायला जाते.

आता खरं सांगते. आमचं डायस्टेस म्हणजे बन्सीमामांची थुंकी.

रागवण्याआधी तुमच्या स्वतःच्या 'ऊतकरंजन टिपणे' या वहीचं पान एकेचाळीस काढा. तळटीप सात, तुमच्याच अक्षरात: "डायस्टेस उपलब्ध नसल्यास स्वच्छ मानवी लाळ वापरण्यास हरकत नाही." या वहीची झेरॉक्स आमच्या लॅबमध्ये माझ्या आधीपासून आहे. डायस्टेस उपलब्ध नव्हतं, माणूस उपलब्ध होता.

बन्सी काशिद, आमचे लॅब अटेंडंट. तुम्ही त्यांना पाहिलंय. जानेवारीत इकडे एका लग्नाला आलात तेव्हा लॅबमध्ये चहा त्यांनीच दिला. हे काम ते फार मानाने करतात. स्पेशल स्टेनच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात, समोर चिंचेचं एक बुटुक ठेवतात. खात नाहीत, नुसतं बघतात. पाच मिनिटांत चंचुपात्र भरतं. मागे एकदा नवीन आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "मामा, हितं कावून थुंकायलात?" मामा म्हणाले, "बाई, ही थुंकी न्हाई, सरकारी काम हाय."

मी स्वतः का थुंकत नाही, असं तुम्ही विचारालच. प्रयत्न केला. समोर घुले सर घड्याळ बघत उभे असताना दहा मिनिटांत दोन थेंब. आणि घुले सरांना सांगता येत नाही, त्यांच्या तोंडात दिवसभर सुपारी असते.

तुमची,
मंजुषा

*

नागपूर, ३१ मार्च २०२५

चि. मंजुषा हिस,
जय भीम.

वही काढली. तळटीप आहे. अक्षर माझे आहे. ती मी १९८९ साली, वाचकाच्या विवेकावर विसंबून लिहिली होती. "हरकत नाही" याचा अर्थ एखाद्या अडल्या प्रसंगी हरकत नाही असा होतो. चोवीस वर्षे व्हरांड्यात खुर्ची टाकावी असा होत नाही. तरीही शास्त्र म्हणून पाहता लाळेतील एन्झाइम तेच कार्य करते, हे मला मान्य करावे लागते.

यानंतर दोष शोधण्यास मला बारा मिनिटे लागली. तळटीपेतील "स्वच्छ" या शब्दाकडे तुमच्यापैकी कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. जानेवारीत त्या गृहस्थांशी बोलताना त्यांच्या तोंडाला उग्र वास येत होता, हे मला पक्के स्मरते. तंबाखू. आणि तंबाखूबरोबर चुना. चुन्याच्या क्षारात लाळेचे एन्झाइम निकामी होते. प्रकरण संपले.

बन्सी यांना माझे निदान स्पष्ट शब्दांत वाचून दाखव. सरकारी कामाचा एवढा अभिमान असणाऱ्या माणसाने व्यसन लपवून प्रयोगशाळेस खाली पाहावयास लावावे, हे शोभत नाही. आणि पुण्याहून माल्ट डायस्टेस आजच मागव.

तुझी आत्या,
ज्योत्स्ना जोगदंड

*

बीड, ५ एप्रिल २०२५

आत्यांना जय भीम.

तुमचं निदान वाचून दाखवलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कागद घे. मी सांगतो तसं लिही. एक शबुद इकडचा तिकडं करू नको." खालचा मजकूर त्यांचा.

प्रोफेसर बाईंस बन्सी काशिदचा रामराम.

बाई, तुमी शिकल्याल्या, आमी सातवी नापास. पर तुमी आमच्या तोंडात तंबाखू घातली, ती आमी घातल्याली न्हाई. आमचा थोरला भाऊ सुंदरराव. त्येच्या गालाचा तुकडा ह्याच टेबलावर आलता. बरणी मीच उचलून आनलती, वर नाव वाचलं तवा कळालं. त्याला बारा वर्सं झाली. तवापासून तंबाखूच्या टपरीवरनं जायाचं असलं तर मी रस्ता बदलतो. घरी इचारा, गावात इचारा.

वासाचं म्हनाल तर त्या दिशी जेवनात भाकर, ठेचा आन कांदा व्हता. तुमी चहा घेतला आन म्हनलात, "बन्सी, तोंड स्वच्छ ठेवत जा, इथे डॉक्टर लोक असतात." आन तुमच्या पिशवीतली औषदाच्या पान्याची बाटली काढून मला दिलीत. लाल पानी. चार मान्सांत दिलीत. मला लई लाज वाटली, पर मी तुमचा मान ठेवला. त्या दिसापासून रोज तीन टाइम चूळ भरतो. ती बाटली सरली तवा मेडिकलातनं तसलीच आनली. थुंकायच्या आदी चौथी चूळ भरतो, कावून का तुमच्याच वहीत 'स्वच्छ' लिव्हलंय, मंजूनं वाचून दाखिवलं व्हतं.

एवढं करून जर मी तंबाखूवाला, तर आजपासून आमची थुंकी बंद. बाकी काम करीन. फरशी पुशीन, बरण्या धुईन. थुंकनार न्हाई.

बन्सी काशिद

आत्या, ते खरंच थुंकत नाहीत. खुर्ची आत नेऊन ठेवली आणि चिंच खाऊन टाकली. पुण्याचं माल्ट डायस्टेस मे महिन्यात येईल असं कळवलंय. आज पाच तारीख. सोळा दिवस उरलेत. घुले सरांनी रक्त काढायच्या खिडकीवर माझ्या नावाचा तक्ता रंगवायला दिलाय असं ऐकते. मामा माझं ऐकत नाहीत. म्हणतात, "जिनं म्हनलं, तिनं म्हनावं."

मंजुषा

*

नागपूर, १० एप्रिल २०२५

श्री. बन्सी काशिद यांस,
सविनय नमस्कार.

सदतीस वर्षांच्या अध्यापनात चूक कबूल करण्याचा प्रसंग माझ्यावर आल्याचे आठवत नाही. त्यामुळे अशा पत्राचा नमुना माझ्यापाशी नाही. काही उणे राहिल्यास सांभाळून घ्यावे.

मी पुरावा नसताना आपल्यावर व्यसनाचा आरोप केला. कांद्याचा वास व तंबाखूचा वास यांतील फरक मला ओळखता आला नाही. माझ्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर मी त्यास वर्गाबाहेर उभे केले असते. आपल्या थोरल्या बंधूंविषयी वाचल्यावर मी हे पत्र मंजुषाऐवजी थेट आपल्या नावे लिहावयास घेतले.

आपले पत्र मिळाले त्याच दिवशी मी येथे एक प्रयोग केला. भाताची पेज घेतली, तीत आयोडीनचा थेंब टाकून ती निळी केली आणि तीत माझी लाळ मिसळली. निळा रंग गेला. म्हणजे एन्झाइम कामावर होते. मग तेच लाल औषधी पाणी आणून मी आपल्याप्रमाणे चूळ भरली व लगेच तोच प्रयोग केला. चाळीस मिनिटे झाली तरी पेज निळीच होती. जंतू मारणारे ते पाणी जंतूंबरोबर एन्झाइमलाही आडवे करते. ते मी आपल्याला दिले, चार माणसांत दिले, आणि आपण माझा मान राखण्यासाठी ते दिवसातून चार वेळा वापरलेत. तेव्हा जानेवारीपासून बीडच्या प्रयोगशाळेस नापास करणारी व्यक्ती मी आहे.

माझी आपल्याला नम्र विनंती आहे की आपण औषधी पाण्याची चूळ बंद करावी. साधे पाणी पुरेसे आहे. आणि जमल्यास खुर्ची पुन्हा व्हरांड्यात आणावी. मंजुषाचे टेबल राहणे न राहणे आता आपल्या हाती, अर्थात आपल्या मुखी, आहे.

आपली,
ज्योत्स्ना जोगदंड

मंजुषा, पेजेची परीक्षा स्लाइडीआधी तिथेही करून पाहा. वेळ सेकंदासह नोंदव. फॉर्मवर जे असेल तेच लिही. लपवाछपवीने आधीच महिना वाया गेला आहे.

*

बीड, २२ एप्रिल २०२५

आत्यांना जय भीम.

चौदा तारखेची सुट्टी मध्ये आल्याने पत्र पंधराला पोहोचलं. मी ते मामांना व्हरांड्यात वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचलं. तेवढ्यात घुले सर आले. मामा म्हणाले, "सरांना ऐकू जाईल असं वाच." तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "चुकले म्हनल्यात ते कागदावर हाय ना? सही हाय ना?" आहे म्हटल्यावर पत्र घेऊन कुठेतरी गेले आणि तासाभराने लॅमिनेट करून आणलं.

म्हणाले, "आता बाई मानूस म्हनून मोठ्या हायत. उद्या चिंच आन."

औषधी पाणी त्याच दिवशी बंद केलं. मी धीर धरून आणखी एक दिवस मध्ये जाऊ दिला. सतराला सकाळी मामा खुर्चीवर बसले. नर्सबाई, रक्त काढणारे दोघं, सुपारी चघळत घुले सर, सगळे बघायला उभे. मामा म्हणाले, "गर्दी करू नका, चिंच दिसंना." पेजेची परीक्षा केली: निळा रंग चार मिनिटं दहा सेकंदांत गेला. घुले सरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

मग स्लाइडी केल्या. पहिली किरमिजी, दुसरी फिकी. मी सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि मामांना बसवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "हे समदं मी खाल्लं व्हय?"

१९ला पार्सल गेलं. फॉर्ममध्ये रकाना होता, "एन्झाइमचा स्रोत". तुमचं वाक्य आठवलं. "बन्सी, नेकनूर" असं लिहिलं. पार्सलची पावती तेव्हापासून दिवसातून चारदा काढून बघते.

तुमची,
मंजुषा

*

बीड, २ जून २०२५

आत्यांना जय भीम.

पाचपैकी पाच. टेबल राहिलं. घुले सरांनी खिडकीवरचा माझ्या नावाचा तक्ता पुसून त्यावर 'रांगेत उभे राहा' असं लिहून घेतलंय.

पण एक अडचण आहे. परीक्षकांनी निकालाखाली शेरा लिहिलाय, तो जसाच्या तसा देते: "पचनाची पायरी उत्कृष्ट. सहभागी प्रयोगशाळांमध्ये सर्वोत्तम. बन्सी, नेकनूर हा उत्पादक आमच्या यादीत नाही. कृपया पूर्ण पत्ता व दरपत्रक कळवावे, म्हणजे इतर प्रयोगशाळांना शिफारस करता येईल."

मामांना दाखवलं. ते नवीन शर्ट शिवायला टाकून आलेत. आता काय उत्तर देऊ?

तुमची,
मंजुषा

*

नागपूर, ७ जून २०२५

चि. मंजुषा हिस,
सप्रेम जय भीम.

निकाल वाचून समाधान वाटले. यापेक्षा अधिक लिहिल्यास तू पुन्हा बॉलपेन वापरू लागशील.

परीक्षकांना पुढील उत्तर पाठव. शब्द बदलू नकोस: "सदर स्रोत ही कंपनी नसून आमचे ज्येष्ठ सहकारी श्री. बन्सी काशिद आहेत. उत्पादन रोज ताजे व मर्यादित असून ते केवळ या प्रयोगशाळेसाठी राखीव आहे. दरपत्रक नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त होतील. तत्पूर्वी आम्ही माल्ट डायस्टेसची व्यवस्था करू." पुण्याची बाटली आली असल्यास ती फ्रिजमध्ये ठेव, खुर्चीवर नव्हे.

वहीत मी दुरुस्ती केली आहे. पान एकेचाळीस, तळटीप सात, आता अशी वाचावी: "डायस्टेस उपलब्ध नसल्यास मानवी लाळ वापरण्यास हरकत नाही. देणाऱ्याने औषधी चूळ भरलेली नसावी. देणाऱ्याचा अपमान झालेला नसावा." तुमच्या झेरॉक्सवर हे पेन्सिलीने नव्हे, शाईने लिही.

चार मिनिटे दहा सेकंद हा आकडा मला प्रथम खोटा वाटला. म्हणून मी येथे तीच परीक्षा स्वतःवर तीनदा केली, चिंच समोर ठेवूनही. माझ्या सर्वोत्तम प्रयत्नास अकरा मिनिटे लागली. ही नोंद तुझ्यापुरती ठेव. ती बन्सींपर्यंत गेल्यास ते लॅमिनेट करतील.

तुझी आत्या,
ज्योत्स्ना जोगदंड